फोंडा घाटाचा उतार आणि तिसरा गिअर

कोल्हापुरातून कुणकेश्वरला यष्टी जाते. सकाळी बसलं की दुपारी समुद्र दिसतो. तरीही हिवाळा सरता सरता मी आणि शिवाप्पा मोटरसायकलवरून निघालो, तेव्हा माझ्या मुलानं एवढंच विचारलं, "दोघांचं वय मिळून किती हुतंय, बघितलंय काय?" ज्या कामासाठी निघालो होतो ते यष्टीत होण्यासारखं नव्हतं.

उद्यमनगरात माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. आता मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि त्याला नको असलेले सल्ले देतो. शिवाप्पा गुळाचा व्यापारी, लिंगायत, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. माझ्याहून काही वर्षांनी धाकटा, म्हणून मला अण्णा म्हणतो. मार्केट यार्डात मात्र त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. तिथं तो 'न्यूट्रलशेठ'.

हे नाव कसं पडलं ते यार्डातला हमालसुद्धा सांगेल. वीसेक वर्षांपूर्वी शिवाप्पा बायकोला मागे बसवून कुणकेश्वरला निघाला होता. फोंडा घाट उतरताना गाडी सुटली आणि कठड्यावर आदळली. वहिनींचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. शेठनं पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि बायकोचा पाय घालवला, अशी ती गोष्ट. शिवाप्पाच्याही डोक्याला मार लागला होता. त्याला घाटाच्या तोंडाशी घेतलेल्या चहापर्यंतचंच आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलं आणि त्यानं मानलं.

गाडी न्यूट्रलमध्ये नव्हती. हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, तो मी. त्या दिवशी मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागून येत होतो.

इतकी वर्षं गप्प बसलो आणि आताच का उठलो? शिवाप्पाच्या नातीच्या लग्नात वरपक्षाकडचा एक पाहुणा ओळख विचारत होता. शिवाप्पा हात जोडून म्हणाला, "मी न्यूट्रलशेठ," आणि स्वतःच हसला. लोकांच्या तोंडून ते ऐकायची मला सवय झाली होती. त्याच्या तोंडून ऐकलं आणि पानातली जिलेबी पानातच राहिली.

सरळ सांगायचं धाडस होईना. दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन हवापाण्यावर बोलून परत आलो. शेवटी ठरवलं, तोंडानं जमत नाही तर गाडीकडून सांगवायचं.

राधानगरीची वाट

निघताना वहिनी उंबऱ्याशी आल्या, पाय ओढत. हातात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याचा डबा.

"अण्णा, गाडी तुम्हीच चालवा. ह्यांच्या हातात देऊ नका. वाटीभर पेट्रोलपायी एक गुडघा दिलाय. दुसरा न्हाय द्यायचा मला."

"बरं," मी म्हणालो.

"आनि देवाला सांगा, गंगव्वा काय गाडीवर बसून येत न्हाय. त्याला गरज असंल तर त्यानंच यावं कोल्हापूरला."

शिवाप्पा खाली बघत टोपी नीट करत होता. मी किक मारली. एका किकेत गाडी सुरू झाली, त्याबद्दल मी तिचे आभार मानले.

पुईखडीचा चढ चढतानाच शिवाप्पानं मागून खांद्यावर थाप मारली. "अण्णा, तुमच्यासारखी गाडी बी म्हातारी झाली की. पिकअप कुठं गेला?"

पिकअप कुठं गेला ते मला माहीत होतं. आदल्या दुपारी मुलगा जेवायला गेल्यावर मी गाडीचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर बसते ते दात्यांचं चक्र, बदललं होतं. कंपनीचं काढून लहान बसवलं होतं. हे लहान स्प्रॉकेट मीच वीस वर्षांपूर्वी शिवाप्पाच्या गाडीसाठी कापलं होतं. माझी गाडीही त्याच बनावटीची. अपघातानंतर गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आली, तेव्हा गुपचूप काढून ठेवलं. आमच्यापासून चार दारांवर फाउंड्री आहे. भट्टीत टाकलं असतं तर दोन मिनिटांत पाणी झालं असतं. टाकलं नाही. लेथखाली चिंध्यांवर वजन म्हणून पडून होतं.

ते कापलं तेव्हाची हवा सांगितली पाहिजे. जो तो अ‍ॅव्हरेजचं बोलायचा. कोणाची गाडी लिटरला किती जाते यावर चहाच्या पैजा लागायच्या. आणि उद्यमनगरचा स्वभाव असा की कंपनीनं दिलंय तसंच वापरायचं म्हणजे कमीपणा. पंप आणा, इंजिन आणा, आम्ही आधी ते खोलणार आणि मग 'सुधारणार'. शिवाप्पा एकदा वर्कशॉपात येऊन म्हणाला, "अण्णा, काय तरी करा, लई पेट्रोल पितीया." मी म्हणालो, "करतो की. त्यात काय!"

मी मागच्या स्प्रॉकेटचे आठ दाते कमी केले. त्यामुळे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागचं चाक जास्त फिरतं. माणसानं ढांगा लांब टाकाव्यात तसं. सपाटीवर इंजिन सावकाश फिरतं, आवाज शांत, पेट्रोल कमी आणि वेगही जास्त. शिवाप्पानं सांगलीच्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि परत येऊन मला दारातच उचललं. चार लोक बघत होते. त्या चार लोकांच्या नजरेची चव अजून जिभेवर आहे.

पण लांब ढांगा चढाला चालत नाहीत. डोंगर चढताना माणूस पावलं आखूड टाकतो आणि भराभर टाकतो. इंजिनाचंही तसंच. त्याला फेऱ्या मिळाल्या नाहीत तर त्याचा जोर बाहेर येत नाही. ते धापा टाकतं, ठोके देतं, आपण मूठ पिळत राहतो आणि सपाटीवर वाचवलेलं पेट्रोल चढावर सांडून बसतो. एवढं मला कळत होतं. चढाला गिअर लवकर पाड, हे मी त्याला सांगितलं होतं.

उताराचा विचार मी केला नव्हता.

हळदी गाव सोडल्यावर रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतून वाफ निघत होती, सगळ्या शिवारात गोड वास. शिवाप्पाला तिथून पुढं नेणं शक्य नव्हतं. गुळव्यानं लांबूनच ओळखलं.

"या न्यूट्रलशेठ! आज पावणं घिऊन आलासा? गाडी गिअरात हाय न्हवं?"

"पावणंच चालवत्यात. मी नुसतं वजन हाय," शिवाप्पा म्हणाला. सगळे हसले. त्यानं बोटावर गरम गूळ घेतला, चाखला, रंग बघितला आणि भाव पाडायला दोन दोष काढले. गुळव्यानं माझ्या हातात काकवीची वाटी दिली. मी ती धरून उभा राहिलो, मग ठेवून दिली आणि गाडीची चेन ताणून बघितली. ती मी सकाळपासून तीनदा बघितली होती.

"अण्णा, बसा की जरा. का पायाखाली निखारं हायत?" शिवाप्पा म्हणाला.

राधानगरीच्या अलीकडे एक लहान उतार लागतो. मागच्या खेपेला, अपघाताच्या दिवशी, याच उतारानंतर शिवाप्पानं गाडी थांबवली होती आणि मला म्हणाला होता, "अण्णा, गाडी धरत न्हाय हो." मी मागून येत होतो, घाईत होतो. म्हणालो, "नवीन हाय. बसंल." एवढं बोलून त्याला पुढं घातलं होतं. या वेळी तो उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक धरून, पायी चालल्यासारखा उतरलो. मागून दोन लाल मातीचे ट्रक हॉर्न वाजवत गेले.

दाजीपूर

धरणाच्या पुढं रस्ता जंगलात शिरतो. उन्हाचे कवडसे, दोन्ही बाजूंना अंजनी-जांभळाची गर्दी, आणि मध्येच एका वळणावर गवा. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आमच्या गाडीच्या दुप्पट उंच, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मी इंजिन बंद केलं.

"आता?" मी कुजबुजलो.

"मला काय इचारताय? चालवणारं तुम्ही," शिवाप्पा म्हणाला. त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं.

गव्यानं आमच्याकडं पाहिलं, आम्ही बिनमहत्त्वाचे आहोत हे ओळखलं आणि सावकाश झाडीत उतरला. पुन्हा गाडी सुरू करताना माझ्या चार किका वाया गेल्या.

मुक्काम एका खाणावळीच्या मागच्या खोलीत मिळाला. मालकानं माझ्यासाठी कोंबडी केली. शिवाप्पा बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडं पाठ करून कडक भाकरी मोडत बसला. एकत्र प्रवासात आमचं जेवण वर्षानुवर्षं असंच होतं. पाठीला पाठ, गप्पा चालू. तो म्हणतो, "वास बी इकडं येऊ देऊ नका." मी म्हणतो, "वाऱ्याला सांग." त्या संध्याकाळी माझ्याच्यानं रस्सा दोन घासांपलीकडं गेला नाही.

"जेवत का न्हाईसा?" तो पाठ न वळवता म्हणाला.

"तिखट हाय."

"कोल्हापूरचा माणूस तिखट हाय म्हणतोय! डाक्टरला दाखवा."

तिथंच सांगून टाकावं असं वाटलं. पण नुसत्या शब्दांवर तो काय करणार होता? त्याच्याकडं त्या उताराची आठवणच नव्हती. माझा एक शब्द त्यानं वीस वर्षं मानला होता, दुसराही मानला असता. मला ते नको होतं. या वेळी त्याला स्वतःला कळायला हवं होतं.

घाट

सकाळी ऊन पडल्यावर निघालो. घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. पूर्वीची नव्हे, दुसरी, पण जागा तीच. तिथून खाली कोकण दिसतं, धुरकट निळं, आणि वारा एकदम ओलसर होतो. चहा संपवून मी शिवाप्पाला म्हणालो, "आता तू चालव."

"याड लागलंय व्हय? त्या दिवसापासनं हँडल धरलं न्हाय मी."

"पहिला उतार साधा हाय. मी मागं बसतो."

"आनि काय झालं म्हंजी?"

"झालं तर दोघांस्नी हुईल."

"वा! लई धीर दिलासा." पण त्याचा हात आपोआप हँडलवर गेला होता. गाडी चालवलेल्या माणसाचा हात विसरत नाही.

तो हळूहळू निघाला. खांदे ताठ, मान पुढं. पहिला, दुसरा. मी मागून म्हणालो, "तिसऱ्यात टाक." त्यानं टाकला. "आता मूठ सोड. पाय ब्रेकवर ठेव, पण दाबू नको."

हे करण्यात जोखीम होती, मला ठाऊक होतं. पुढं शंभरेक पावलांवर रस्ता सपाट होतो हे मी आधी एकदा एकटा येऊन बघून गेलो होतो. तरी मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता.

उतारावर मूठ सोडली की चाक इंजिनाला फिरवायला लागतं आणि इंजिन गाडीला मागं ओढतं. बैलाला कासऱ्यानं धरावं तसं. खालच्या गिअरात ही ओढ जास्त, वरच्यात कमी. मी ढांगा लांब केल्या होत्या, त्यामुळे कासराही सैल झाला होता. ज्याला शिवाप्पा तिसरा समजत होता तो धरण्याच्या बाबतीत जवळजवळ चौथा होता. गाडी नुसती घरंगळत निघाली. वारा कानात भरायला लागला.

"अण्णा!" शिवाप्पा ओरडला. "न्यूट्रल पडलं हो! गाडी न्यूट्रलला गेली!"

"ब्रेक दाब. कडेला घे."

त्यानं दाबला. गाडी थांबता थांबता एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

न्यूट्रलमधल्या गाडीचं इंजिन असं हिसका देऊन बंद पडत नाही. हे मला बोलावं लागलं नाही. शिवाप्पा तसाच बसून राहिला. मग उतरला, गाडी पुढं ढकलून बघितली. चाक फिरेना. त्यानं वाकून लिव्हर हातानं पाडत गिअर मोजले.

"तिसराच हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"पर धरत न्हवती."

"त्या दिवशी बी तिसराच हुता, शिवाप्पा."

मग सगळं सांगितलं. मी मागून पोचलो तेव्हा गाडी रस्त्यात आडवी पडली होती आणि खालून ट्रक चढत होता. गाडी ओढायला गेलो तर चाक फिरेना. मी लिव्हर पाडत गेलो, गिअर मोजत गेलो. तिसरा होता. न्यूट्रल लावलं आणि गाडी कडेला ओढली. मागच्या ब्रेकच्या ड्रमला हात लागला तर भाजला. ट्रक थांबला, क्लीनर खाली उतरला, गाडी पुढंमागं हलवली आणि म्हणाला, "न्यूट्रल मारलंय बगा शेठनं. पेट्रोल वाचवाय." वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी काही बोललो नाही. दवाखान्यात शिवाप्पाच्या भावानं विचारलं, न्यूट्रलला हुती व्हय अण्णा? मी मान हलवली. एवढंच केलं. त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. बाकीचं यार्डानं केलं.

शिवाप्पानं एकच प्रश्न विचारला. "ड्रम भाजत हुता?"

"हाताला फोड आला हुता."

"म्हंजी मी ब्रेक दाबत हुतो."

"शेवटपर्यंत."

त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि घाट पायी उतरायला लागला. मी हाक मारली नाही.

पुढचा उतार त्या स्प्रॉकेटवर उतरायचा नाही हे ठरलेलंच होतं. कंपनीचं स्प्रॉकेट आणि चेनीचा जादा तुकडा मी पिशवीत आणला होता. रस्त्याच्या कडेला बसून चाक खोललं, स्प्रॉकेट बदललं, चाक परत बसवलं. चेनीचं लॉक, नखाएवढी लवचीक पट्टी, पक्कडीतून उडाली आणि गवतात गेली. गुडघ्यांवर रांगत, गवताची पाती वेगळी करत शोधली. पत्ता लागला नाही. वरून येणाऱ्या एका यष्टीतल्या लोकांनी खिडकीतून माना काढून बघितलं.

चेन नसलेली गाडी म्हणजे खरोखरची न्यूट्रल. वर बसून सोडली असती तर फोंड्यापर्यंत आपोआप गेली असती. मी बसलो नाही. पुढचा ब्रेक धरून, सुटी चेन गळ्यात अडकवून, तिच्या बाजूनं चालत उतरलो. या वयात तेवढ्या वजनाची गाडी उतारावर अडवून धरणं म्हणजे काय ते खांद्यांना अजून आठवतं.

तिसऱ्या वळणावर पांढरा कठडा आहे. शिवाप्पा त्यावर बसला होता. तीच जागा. मला वाटलं तो उठून पुढं जाईल. तो गळ्यातल्या चेनीकडं बघत राहिला.

"काय झालं?"

"लॉक उडालं."

त्यानं गाडीला अडकवलेल्या पिशवीतून भाकरीचा डबा काढला, त्याच्या कडीची तार उपसली, माझ्या खिशातली पक्कड ओढून घेतली आणि लॉकच्या जागी तार पिळून बसवली. चांगली घट्ट. मग हँडल धरून म्हणाला, "बसा मागं."

उरलेल्या घाटात गाडी त्यानंच चालवली, दुसऱ्या गिअरात. इंजिन वरच्या सुरात ओरडत होतं आणि गाडी प्रत्येक वळणावर लगाम ओढलेल्या घोड्यासारखी अडत होती. अर्ध्यात एकदा त्यानं मान किंचित वळवली. "आता धरती की."

"धरती," मी म्हणालो. फोंड्यापर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं.

कुणकेश्वर

फोंड्याला चहा घेतला. आमच्याकडं चहा मागितला की आधी आरडाओरडा होतो, मग चहा येतो. इथल्या बाईनं आवाज न करता दोन पेले ठेवले आणि हळूच विचारलं, "खंयसून इलात?" कोल्हापूर म्हटल्यावर तिनं गाडीकडं, मग आमच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. "ह्या वयात? घराकडे कोणी नाय बोलूक?" शिवाप्पा एरवी हसला असता.

नांदगावचा तिठा, शिरगाव, जामसंडे. लाल रस्ते, काजूचा मोहर, बांधाबांधावर आंबे. कोल्हापूरच्या माणसाला इथली जमीन मोकळीढाकळी वाटत नाही. सगळं झाडांच्या आत बसलेलं. आणि मग एका टेकाडावरून एकदम खाली समुद्र, आणि अगदी त्याच्या काठावर कुणकेश्वराचं देऊळ. भरतीचं पाणी भिंतीपर्यंत येतं म्हणतात. मागच्या खेपेला आम्ही इथवर पोचलोच नव्हतो.

"तुम्ही भाईर थांबा," शिवाप्पा म्हणाला आणि आत गेला.

मी वाळूत बसलो, उठलो, पाण्यापर्यंत गेलो, परत आलो. तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा कपाळावर ताजं भस्म होतं.

"काय मागितलंस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दर शिवरातीला ही बाई देवापुढं हात जोडून म्हणती, ह्यांच्या हातनं झालं ती माफ कर. मी बी तिच्या शेजारी बसून तेच म्हणतो. आनि तुम्ही, अण्णा, तुम्ही आमच्याच घरात बसून परसाद खाल्लासा." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आज आत गेलो. माफ कर म्हणायची सवय लागलीया. आज काय म्हणायचं ते सुचंना. तसाच बसलो."

लाटा येत-जात होत्या. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिला सांगायचं हाय. मी न्हाय सांगणार. तुम्ही सांगायचं."

परत

परतीचा घाट चढतानाही शिवाप्पानंच गाडी चालवली. मोठ्या स्प्रॉकेटवर गाडी आखूड पावलं भराभर टाकत, गुणगुणत चढली. कुठं धाप नाही, कुठं ठोका नाही. पेट्रोल किती लागलं ते दोघांनीही मोजलं नाही. पांढऱ्या कठड्याशी त्यानं वेग कमी केला, पण थांबला नाही.

वहिनी स्वयंपाकघरात पाय लांब करून भाकरी थापत होत्या. मी दारात उभं राहूनच सांगितलं. सगळं, क्रमानं. त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा शिवाप्पानं पुढं होऊन ती उतरवली. मी वीस वर्षांत त्याला तव्याला हात लावताना बघितलं नव्हतं.

"म्हंजी," वहिनी नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "इतकी वरसं मी तुम्हाला बोललो, ती सगळी बोलणी फुकटची?"

शिवाप्पानं करपलेली भाकरी ताटात ठेवली.

"एकदा तरी म्हणायचं हुतंसा. मी आसं न्हाय केलं म्हणून."

"मला तरी कुठं ठाव हुतं?"

मग त्या माझ्याकडं वळल्या. "अण्णा, मला सांगून काय उपेग? मी एकटी थोडीच म्हणतो? सारं यार्ड म्हणतंय. यार्डात जाऊन सांगा."

एवढं बोलून त्यांनी पीठ पुढं ओढलं. त्या घरातून जेवून जावा हे शब्द न ऐकता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लहान स्प्रॉकेट घेऊन यार्डातल्या चहाच्या हॉटेलात गेलो. व्यापारी, हमाल, दिवाणजी सगळे होते. शिवाप्पा कोपऱ्यात बसला होता. मी स्प्रॉकेट टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मग एक म्हातारा अडत्या उठला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"दोस्ती असावी तर अशी! मित्राचा डाग म्हातारपणी आपल्या अंगावर घेतलासा!"

"डाग न्हाय. खरं सांगायलोय," मी म्हणालो.

"व्हय व्हय, खरंच की! ए, अण्णास्नी पेशल च्या दे!" कोणीतरी स्प्रॉकेट बोटात अडकवून फिरवलं. "काम मात्र झकास हाय, अण्णा. कधी केलं हे, काल?" हशा झाला. मी ओरडलो, तर ते आणखी हसले. "न्यूट्रलशेठ, नशीब काढलंसा, असा दोस्त मिळाला!"

शिवाप्पा माझ्याकडं बघत होता. तो हसत नव्हता. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्या नावाला तो हसला नाही. चहा टाकून उठला आणि निघून गेला.

माझा एक खोटा होकार या यार्डानं मान हलताक्षणी खरा मानला होता. खऱ्यासाठी मी घसा फोडला तर मला चहा पाजला. कोल्हापुरात बोललेलं चहाबरोबर संपतं, म्हणून हे लिहून काढलं.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. चालवणारा शेवटपर्यंत ब्रेक दाबत होता. गाडीला धरू न देणारं स्प्रॉकेट मी कापलं होतं, आणि तो म्हणाला गाडी धरत नाही, तेव्हा मी त्याचं ऐकलं नाही.

ज्याला पटत नसेल त्यानं उद्यमनगरात वर्कशॉपवर यावं. ते स्प्रॉकेट मी पुन्हा माझ्या गाडीला बसवून ठेवलं आहे. त्याला मागं बसवून फोंडा घाटावर नेईन, गाडी तिसऱ्यात टाकीन आणि मूठ सोडीन.